लंडन, बिनतिकिटाचं: एक परीक्षण, गुणांसकट

परीक्षण कशाचं आहे ते आधी सांगितलेलं बरं. विमानाचं तिकीट, व्हिसा आणि रात्रीचा मुक्काम यांचे पैसे मोजून झालेत असं इथे धरलं आहे. पुण्याहून लंडनला जाणारे बरेच जण हल्ली याच परिस्थितीत असतात. मुलगा-सून तिकडे आयटीत, दोघं सकाळी लवकर घराबाहेर, आणि महिना-दोन महिन्यांसाठी आलेले आई-बाबा दिवसभर मोकळे. पौंड शंभर रुपयांच्या वर. कोथरूडचा हिशेबी मेंदू प्रत्येक किमतीला मनातल्या मनात गुणाकार करतो आणि रोज सकाळी मुलाकडे पैसे मागणं काही प्रशस्त वाटत नाही. तेव्हा प्रश्न असा: दार ओढून घेतल्यापासून संध्याकाळी परत येईपर्यंत खिशात हात न घालता हे शहर कितपत पाहता येतं?

बरंच, आणि त्यातलं पुष्कळसं तिकीटवाल्या ठिकाणांपेक्षा चांगलं. मात्र लंडनचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. आत शिरायला इथे पैसे पडत नाहीत. पडतात ते एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला, बसायला आणि खायला. सकाळी ब्रिटिश म्युझियम, दुपारी ग्रिनिच, संध्याकाळी हाइड पार्क असा बेत आखला की तिन्ही गोष्टी फुकट असूनही दिवस महाग पडतो. एका दिवशी एकच भाग धरावा, हा नियम पाळणाऱ्यालाच हे शहर परवडतं.

प्रवास: दहापैकी पाच

इथे पैसे गळतात, म्हणून आधी हेच. बसचं भाडं २०२५ मध्ये १.७५ पौंड होतं, अंतर कितीही असो. पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून एका तासाच्या आत दुसऱ्या, तिसऱ्या बसमध्ये चढलात तर त्याचे पैसे लागत नाहीत. याला ‘हॉपर’ म्हणतात. दिवसभरात कितीही बस केल्या तरी कापले जायचे जास्तीत जास्त ५.२५ पौंड. बसमध्ये रोख पैसे २०१४ पासून घेत नाहीत.

चुका होतात त्या अशा. पहिल्या बसला कार्ड आणि दुसऱ्या बसला फोन टेकवला, तर यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी माणसं, हॉपर गेला. एकाच कार्डावर दोघं प्रवास करू शकत नाहीत, नवरा-बायकोला दोन कार्डं हवीत. बसमध्ये चढताना एकदाच टेकवायचं, उतरताना नाही. ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, मात्र आत जाताना आणि बाहेर येताना दोन्ही वेळा टेकवायचं. एकदा विसरलात की पूर्ण कमाल भाडं कापलं जातं. भारतीय बँकेचं कार्ड चालतं, पण त्यावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आणि टॅप करून पैसे देण्याची सोय दोन्ही पुण्यातूनच सुरू करून घ्यावी, आणि बँक परकीय चलनाचा आकार वर लावते हे लक्षात ठेवावं. ऑयस्टर हे लंडनचं प्रवासाचं कार्ड घेतलं तर त्या कार्डाचेच वेगळे पैसे, आणि ते परत मिळत नाहीत.

ज्येष्ठ नागरिकांचा मोफत पास हा पुणेकरांचा आवडता प्रश्न. तो लंडनच्या रहिवाशांसाठी आहे, पाहुण्यांसाठी नाही. पासपोर्टवरची जन्मतारीख दाखवून काही उपयोग होत नाही. नातवंडांचं बरं आहे: ११ वर्षांखालची मुलं बसमध्ये फुकट, आणि भाडं भरणाऱ्या मोठ्या माणसाबरोबर ट्यूबमध्येही.

ट्यूबने जायचंच असेल तर सकाळी साडेनऊनंतर निघावं. कामाच्या दिवशी साडेसहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी चार ते सात भाडं चढं असतं. बसला वेळेचा फरक नाही. म्हणजे प्रामाणिक हिशेब असा, की शून्य खर्च हा आकडा शहराच्या मधोमध राहणाऱ्यांसाठी. बाकीच्यांना २०२५ च्या भाड्याने जाऊन-येऊन माणशी साडेतीन पौंड धरावेच लागतील.

मोठी संग्रहालयं: दहापैकी नऊ, एक गुण गर्दीचा

ब्रिटिश म्युझियम, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, नॅचरल हिस्टरी, सायन्स म्युझियम, नॅशनल गॅलरी, टेट मॉडर्न. सगळ्यांचा कायमचा संग्रह फुकट. विशेष प्रदर्शनांना तिकीट असतं आणि त्यांचे फलक दारातच मोठे लावलेले असतात, म्हणून नवख्या माणसाला वाटतं की आत जायलाच तिकीट आहे. दारात देणगीचं यंत्र असतं, त्यावर पाच पौंड लिहिलेलं असतं, शेजारी हसतमुख माणूस उभा असतो. देणगी ऐच्छिक आहे. नजर चुकवून पळायची गरज नाही. नमस्कार करून आत जावं.

प्रवेश फुकट असला तरी वेळेचं तिकीट आधी इंटरनेटवर काढून ठेवावं, विशेषतः ब्रिटिश म्युझियम आणि सायन्स म्युझियमचं. ब्रिटिश म्युझियममध्ये ग्रेट रसेल स्ट्रीटच्या मुख्य दरवाजावर बॅगा तपासायची रांग लांबते. मागच्या बाजूला माँटेग्यू प्लेसचं दार आहे, तिथे बहुधा बरं असतं. चाकांची बॅग आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे ‘जाताना वाटेत बघून घेऊ’ म्हणून सामानासकट तिथे पोहोचू नये. शुक्रवारी रात्री साडेआठपर्यंत उघडं असतं आणि साडेपाचनंतर शाळांच्या सहली गेलेल्या असतात. तीच वेळ उत्तम. रोझेटा शिलेभोवती सेल्फीचा कोंडाळा असतो. तिथे दोन मिनिटं थांबून सरळ ३३अ क्रमांकाच्या दालनात जावं. अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं तिथे काचेआड आहेत आणि त्यांच्यासमोर निवांत उभं राहता येतं. रोज स्वयंसेवक एकेका दालनाची अर्ध्या-पाऊण तासाची ओळख करून देतात, तीही फुकट. इंग्रजी सावकाश बोलतात, वयाने बहुतेक आपल्याच बरोबरीचे असतात. ‘ऑडिओ गाइड’च्या भाड्यापेक्षा हा सौदा कितीतरी चांगला.

साउथ केन्सिंग्टनला तीन संग्रहालयं एकमेकांना लागून. तिन्ही एका दिवसात करायचा मोह टाळावा, गुडघे आणि डोकं दोन्ही जवाब देतात. नॅचरल हिस्टरीच्या मुख्य दारावर शाळांच्या सुट्टीत भली मोठी रांग असते. एक्झिबिशन रोडवरचं बाजूचं दार बघावं. पण मग हिंट्झ हॉलमधला निळ्या देवमाशाचा सांगाडा सुटतो, तेवढा आतून चालत जाऊन पाहावा. घरचा डबा खायला सायन्स म्युझियममध्ये जागा राखून ठेवलेली आहे. कुणी भुवया उंचावत नाही.

नॅशनल गॅलरीने ऑक्टोबर २०२४ मध्ये पाण्यासकट सगळ्या द्रवपदार्थांना दारात बंदी घातली; बाळाचं दूध आणि औषधं तेवढी वगळली. थर्मासमधला चहा घेऊन जाणाऱ्या मंडळींनी त्या दिवशीचे नियम आधी वाचावेत, नाहीतर ट्रफॅल्गर स्क्वेअरवर उभ्याउभ्या संपवावा लागेल.

व्ही अँड ए ईस्ट स्टोअरहाउस: दहापैकी दहा

पूर्ण गुण द्यायची सवय नाही, पण इथे कापायला जागा सापडली नाही. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचं हे कोठार ३१ मे २०२५ रोजी लोकांसाठी उघडलं. पूर्व लंडनमध्ये, हॅकनी विक स्टेशनपासून चालत. अडीच लाखांहून जास्त वस्तू फडताळांवर जशा ठेवल्यात तशाच बघायच्या. आग्र्याच्या किल्ल्यातल्या हमामखान्याची सतराव्या शतकातली संगमरवरी कमानदार ओळ इथे उभी आहे. प्रवेश फुकट, तिकीटही काढावं लागत नाही.

पण दहा गुण त्यासाठी नाहीत. इथे कुणीही सामान्य माणूस कोठारातली वस्तू मागवून समोर बघू शकतो. एका वेळी पाचपर्यंत. संशोधक असल्याचं पत्र नको, विद्यापीठाचा शिक्का नको. पुण्यात एखादं जुनं दप्तर पाहायचं तर कुणाची ओळख आहे का, हा पहिला प्रश्न असतो. इथे तो प्रश्नच नाही.

करायचं असं. संग्रहालयाच्या वेबसाइटवर संग्रहाची शोधयादी आहे, तिच्यात वस्तू शोधावी. नोंदीत ती स्टोअरहाउसमध्ये आहे असं लिहिलेलं असेल तरच मागवता येते. दुसरीकडे मांडलेली असेल तर नाही. निवडलेल्या वस्तू यादीत टाकून तारीख आणि वेळ घ्यावी. निदान दोन आठवडे आधी मागणी नोंदवावी लागते, म्हणून हे काम लंडनला पोहोचल्यावर करायचं नाही, पुण्यात बसूनच उरकायचं. नोंदी जुन्या आहेत आणि गावांची नावं जुन्या इंग्रजी स्पेलिंगने आहेत, म्हणून ‘पूना’ आणि ‘बॉम्बे’ घालूनही शोधावं, नुसतं ‘पुणे’ घालून थांबू नये. विणकाम, भरतकाम, दागिने यांतलं थोडंफार कळणाऱ्यांनी तर पाच वस्तूंची निवड आठवडाभर घोळवावी. शालूच्या पदराची उलटी बाजू दुकानात बघतो तशी इथे बघायला मिळण्याची शक्यता आहे. फक्त हात लावायचा की नाही ते तिथले कर्मचारी सांगतील, आणि ते ऐकायचं.

ब्रिटिश लायब्ररी: दहापैकी आठ

सेंट पँक्रसजवळच्या या ग्रंथालयाच्या दालनात मॅग्ना कार्टा, गटेनबर्गचं बायबल वगैरे फुकट बघता येतं. पाऊस पडत असेल तर एक तास छान जातो. खरा लाभ इतिहासवेड्यांचा. ब्रिटिश काळात लंडनहून भारताचा कारभार पाहणाऱ्या इंडिया ऑफिसची दप्तरं इथे आहेत, फडताळांची लांबी सुमारे १४ किलोमीटर. वाचकाचा पास फुकट मिळतो. ओळखपत्र आणि घरच्या पत्त्याचा पुरावा लागतो, तोही मूळ कागद, फोनमधला फोटो दाखवून भागेल या भरवशावर राहू नये. वाचनकक्षात पेन चालत नाही, फक्त शिसपेन्सिल. बॅग लॉकरमध्ये आणि सामान पारदर्शक पिशवीत. ऑक्टोबर २०२३ च्या सायबर हल्ल्याने इथली सगळी यंत्रणा कोलमडली होती, दोन गुण त्यासाठी कापले. कागद आधी मागवून ठेवावे, आयत्या वेळी जाऊन ‘पेशवाईचं काय आहे?’ असं विचारू नये. (भारत इतिहास संशोधक मंडळाची पायरी कधी न चढलेल्यांनी लंडनला जाऊन हा उत्साह दाखवावा का, हा ज्याचा त्याचा प्रश्न.)

टिळक ते आंबेडकर, चालत: दहापैकी नऊ

कुठल्याच टूर कंपनीच्या यादीत नसलेला, मराठी माणसासाठी सगळ्यात चांगला अर्धा दिवस. वॉरिक अ‍ॅव्हेन्यू स्टेशनजवळ, १० हाउली प्लेस. ब्रिटिश पत्रकार चिरोलविरुद्धच्या खटल्यासाठी आलेले लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये इथे राहिले; भिंतीवर तसा फलक आहे. घर खासगी आहे, फोटो रस्त्यावरून घ्यावा, बेल वाजवू नये.

तिथून दोन मिनिटांवर लिटल व्हेनिस, म्हणजे रीजंट्स कालव्याचं वळण. कालव्याकाठची पायवाट पूर्वेकडे धरायची, पण सुरुवातीलाच दोन ठिकाणी वाट तुटते आणि इथेच लोक चुकतात. ब्लूमफिल्ड रोडच्या बाजूचा काठ बोटींत राहणाऱ्यांसाठी बंद आहे, तिथे वरच्या रस्त्याने चालावं. पुढे मेडा हिलचा बोगदा लागतो, त्यात पायवाटच नाही. एजवेअर रोड ओलांडून अ‍ॅबरडीन प्लेसने सरळ जावं, बोगद्याच्या पलीकडे पायऱ्या पुन्हा काठावर उतरतात. मग रीजंट्स पार्कची कड आणि प्राणिसंग्रहालयाचा मोठा पिंजरा वाटेतच दिसतो, तिकिटाशिवाय. पुढच्या पुलापाशी वर येऊन प्रिमरोझ हिल चढायची. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढणाऱ्याला ही टेकडी म्हणजे पहिलाच टप्पा. पण माथ्यावरून सेंट पॉल चर्चचा घुमट, शार्ड ही उंच इमारत, सगळं एका ओळीत दिसतं.

टेकडीच्या मागे उतरलं की १० किंग हेन्रीज रोड. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये या घरात राहिले. महाराष्ट्र सरकारने ते २०१५ मध्ये विकत घेतलं, आणि आता ते स्मारक आहे. प्रवेश फुकट. उघडण्याच्या वेळा त्याच आठवड्यात तपासून घ्याव्यात, एक गुण त्या अनिश्चिततेचा. एकूण चाल चार-साडेचार किलोमीटर, जवळचं स्टेशन चॉक फार्म. सावरकरांच्या ‘इंडिया हाउस’चा फलकही आहे, ६५ क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यू, हायगेट; पण ते वेगळ्या टोकाला आणि चढावर, त्याच दिवशी कोंबू नये.

उंचावरून शहर: दहापैकी आठ

शार्डवर जायला भरपूर पैसे लागतात आणि ते द्यायचं कारण नाही. २० फेनचर्च स्ट्रीटचं स्काय गार्डन फुकट आहे, पण वेळेचं तिकीट लागतं. सुमारे तीन आठवडे पुढची तिकिटं दर सोमवारी लंडनच्या सकाळी उघडतात, सूर्यास्ताच्या वेळा लगेच संपतात. पुण्यात तेव्हा दुपार असते: उन्हाळ्यात, म्हणजे मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत आपण साडेचार तास पुढे, इतर वेळी साडेपाच. वामकुक्षी पुढे ढकलावी. तिकीट न मिळाल्यास २२ बिशप्सगेटच्या ५८व्या मजल्यावरचं होरायझन २२, किंवा शेजारच्याच ८ बिशप्सगेटच्या ५०व्या मजल्यावरचं लुकआउट, दोन्ही फुकट. काहीच जमलं नाही तर सेंट पॉलसमोरच्या वन न्यू चेंज या मॉलची गच्ची, जिथे लिफ्टने वर जायला कुणी काही विचारत नाही. उंच इमारतींचा तोटा ढगांचा: तिकीट तीन आठवडे आधी काढायचं आणि त्या दिवशी बाहेर पांढरं धुकं.

राजवाडा, संसद, कोर्ट, चर्च

बकिंगहॅम राजवाड्यासमोरच्या पहारेबदलाला चार गुण. सोमवार, बुधवार, शुक्रवार, रविवार, सकाळी अकरा. पुढे उभं राहायला तासभर आधी जावं लागतं आणि तरी बहुतेकांना पुढच्याच्या फोनचा पडदा दिसतो. त्याऐवजी हॉर्स गार्ड्सला जावं. घोडेस्वारांचा पहारेबदल रोज अकराला, रविवारी दहाला, आणि सगळं दहा-पंधरा पावलांवरून दिसतं. सात गुण. तिथून सेंट जेम्स पार्क शेजारीच. दुपारी अडीचच्या सुमारास पेलिकन पक्ष्यांना मासे घालतात.

संसदेच्या प्रेक्षक गॅलरीत परदेशी माणसालाही फुकट बसता येतं, अधिवेशन चालू असेल तर. ऑगस्टमध्ये नसतं. बुधवारी दुपारचा पंतप्रधानांचा प्रश्नोत्तरांचा तास टाळावा, आधीची तिकिटं तिथल्या रहिवाशांसाठी असतात. वरच्या, म्हणजे लॉर्ड्सच्या, सभागृहाची रांग सहसा लहान. समोरच्या सुप्रीम कोर्टात कामकाज चालू असेल त्या दिवशी कुणीही जाऊन सुनावणी ऐकू शकतं. दत्तकाच्या ताईमहाराज प्रकरणात १९१५ साली टिळकांच्या बाजूने निकाल देणाऱ्या प्रिव्ही कौन्सिलची (ब्रिटिश राजवटीतलं भारताचं शेवटचं अपील कोर्ट) न्यायिक समिती आज याच इमारतीत बसते. ओल्ड बेलीच्या फौजदारी कोर्टातही प्रवेश फुकट, पण फोन आणि बॅग नेता येत नाही आणि ठेवायची सोय कोर्टात नाही. म्हणजे फोन घरी ठेवूनच निघायचं, आणि रस्ता विचारत यायचं.

वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी आणि सेंट पॉलचं तिकीट महाग आहे. दोन्हीकडे संध्याकाळची गायनप्रार्थना, म्हणजे इव्हनसाँग, बहुतेक दिवशी पाचला असते आणि तिला तिकीट नाही. वीस मिनिटं आधी जावं. ही प्रार्थना आहे, पर्यटन नाही: फिरता येत नाही, फोटो चालत नाही, मधे उठणं वाईट दिसतं. थडगी बघायची असतील तर इव्हनसाँगने काम होणार नाही. गाणं ऐकायचं असेल तर आठ गुण.

ग्रिनिच: दहापैकी आठ

वेधशाळेच्या अंगणातल्या शून्य रेखावृत्ताच्या पट्टीवर पाय फाकून उभं राहायला तिकीट लागतं. तीच रेषा बाहेरच्या भिंतीवर, खालच्या पायवाटेवरही दाखवलेली आहे, तिथे काही लागत नाही. दाराबाहेर १८५२ चं २४ तासांचं शेफर्ड घड्याळ आहे. ते बाराही महिने ग्रिनिच वेळ दाखवतं, म्हणून उन्हाळ्यात लंडनकरांच्या मनगटाशी त्याचं एका तासाने जमत नाही. आपल्याला मात्र त्यात साडेपाच तास मिळवले की पुण्याची वेळ, केव्हाही. छतावरचा लाल गोळा रोज दुपारी बरोबर एकला खाली पडतो. नॅशनल मॅरिटाइम म्युझियम आणि क्वीन्स हाउस फुकट. पलीकडच्या काठावरून १९०२ चा पायी बोगदा थेम्सखालून येतो, ३७० मीटर. लिफ्ट बंद असली तर साधारण शंभर पायऱ्या, गुडघेवाल्यांनी ते धरून चालावं. शहरातलं खरोखर फुकट वाहन थोडं पुढे वूलिचला आहे: गाड्या आणि माणसं नेणारी फेरीबोट, १८८९ पासून बिनभाड्याची.

खाणं, पाणी आणि बाकीचं

नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटली संग्रहालयांत भरून घ्यावी. मोठ्या रेल्वे स्थानकांतली स्वच्छतागृहं २०१९ पासून फुकट आहेत. रस्त्यावरच्या काहींना नाणं किंवा कार्ड लागतं. बसायला साउथ बँकवरच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलचा तळमजला: काही विकत न घेता तासभर बसता येतं, वायफायही आहे. पुण्याहून नेलेले मेथीचे ठेपले, चिवडा, बाकरवडी कामाला येतात. मांस आणि दूध, खवा, पनीर, तूप मात्र भारतातून न्यायला मनाई आहे, बर्फीचा डबा घरीच राहू द्यावा. साउथॉलच्या गुरुद्वाऱ्यात लंगर सर्वांना असतं. त्याला गुण देणं बरोबर नाही, आणि जेवणाची स्वस्त सोय म्हणून तिकडे जाणंही. जायचं तर डोकं झाकून, पंगतीत बसून, घेतलेलं संपवून, आणि जमलं तर भांड्यांना हात लावून.

शून्य गुण दोन गोष्टींना. पहिली, हाइड पार्क आणि सेंट जेम्स पार्कातल्या पट्ट्यापट्ट्यांच्या आरामखुर्च्या. फुकट वाटतात, बसल्यावर पैसे मागायला माणूस येतो. हिरवळ आणि लाकडी बाकं फुकट. दुसरी, ‘फ्री वॉकिंग टूर’. शेवटी टोपी फिरते आणि तोपर्यंत तुम्ही दोन तास त्या माणसाच्या डोळ्यासमोर असता.

डिसेंबरात जाणाऱ्यांसाठी: मोठी संग्रहालयं २४ ते २६ तारखेला बंद असतात, आणि २५ला ना ट्यूब धावते ना बस. त्या दिवशी घरापासून चालत पोहोचता येईल एवढंच लंडन, आणि सूर्य चारच्या आत मावळतो, म्हणून जेवण उरकून नव्हे, सकाळीच निघावं.